गुणगुणणारा माल

"बल्ब मिळणार नाहीत," थोरला म्हणाला आणि त्याने भाताचं पातेलं धाकटीकडे सरकवलं. "भात घे."

नऊ वर्षांनी बहीण घरी जेवायला आलेली. टेबलाशी बसून दहा मिनिटं झाली नव्हती, तोच नकार आणि भात दोन्ही एका दमात वाढून हा मोकळा. आत्याला हसू आलं. लहानपणीही हा असाच होता. धाकटीला रडवायचा आणि मग स्वतःच्याच बाहीने तिचं नाक पुसायचा.

धाकटीने मुकाट्याने भात वाढून घेतला. शेचाळीस वर्षांची बाई, केसांत पांढऱ्या रेघा, तारांना डाख देताना बसलेल्या चटक्यांचे बोटांवर डाग. परदेशातली मोठमोठी दालनं हिच्यासाठी तारखा राखून ठेवतात. पण या टेबलाशी बसली की अजूनही खांदे आत ओढून घेत होती, प्रगतिपुस्तक पाठीमागे लपवल्यासारखी.

"का नाही मिळणार, एवढं तरी सांग."

"विकायचे नाहीत."

"मी कुठे विकत मागतेय?"

"द्यायचेही नाहीत."

"मग करायचंय काय त्यांचं?" वहिनीने मध्येच तोंड घातलं. "नऊ वर्षं गॅरेजात बल्ब आणि उन्हापावसात गाडी. शेजारी विचारतात, आत काय कोंडून ठेवलंय म्हणून."

"तू वाढ," थोरला म्हणाला.

"वाढतेच आहे. जेवणही आणि बोलणंही."

मधला वकील होता, आणि नेहमीप्रमाणे मध्येच बसला होता. त्याने चमचा खाली ठेवला, ओठ पुसले. तो ओठ पुसायला लागला की घरातले समजून जात, आता कायदा येणार.

"बघायला गेलं तर कारखाना भागीदारीत होता. म्हणजे उरलेला मालही चौघांचा. दादा, मी, ही आणि आत्या. तेव्हा कुणी एकट्याने हो किंवा नाही म्हणायचा प्रश्न येत नाही."

"म्हणजे आता मतदान घ्यायचं जेवणाच्या टेबलावर?"

"मी फक्त स्थिती सांगतोय. माझं मत विचारशील तर दादाच्या बाजूने आहे. आपलं नाव पुन्हा चव्हाट्यावर यायला नको."

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. काल फोनवर यानेच तिला 'तू ये, मी आहे ना' असं सांगितलं होतं, हे आत्याला माहीत होतं. वकिलाने पाण्याचा पेला उचलला आणि त्यात तोंड लपवलं.

माल म्हणजे चोवीसशे बल्ब. कारखान्याने बनवलेले शेवटचे. तयार झाले, गिऱ्हाइकाच्या हॉटेलांत मंद करून लावले गेले आणि पंधरा दिवसांत सगळेच्या सगळे परत आले. सोबतच्या कागदावर दोनच शब्द होते: 'आवाज करतात.' त्यानंतर महिन्याभरात कारखान्याला कुलूप लागलं. तसाही नव्या प्रकारच्या दिव्यांनी जुन्या बल्बांचा धंदा बसवलाच होता, कुलूप आज ना उद्या लागणारच होतं. पण थोरल्याच्या डोक्यात त्या दोन शब्दांनीच ते लावलं. खोकी त्याने गॅरेजात रचली, वर ताडपत्री टाकली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

"आपलेच का हवेत तुला?" त्याने विचारलं. "जगात जुन्या बल्बांचा दुष्काळ पडलाय?"

"अकरा कारखान्यांचे आणून बघितले, दादा. काही देशांत अजून बनतात, तिथे जाऊन आले. सगळे मुके आहेत." धाकटी पुढे झुकली. "वीज थोडी कमी सोडली की आतली तार थरथरते, त्यातून बारीक आवाज येतो. बाकीच्यांच्या तारेला इतके टेकू असतात की ती हलतच नाही. आपल्या शेवटच्या मालातला एक तेव्हाच नेला होता मी, त्यात तार मोकळी आहे. ती गुणगुणते. तो आवाज मला मोठा करून ऐकवायचाय. वेगळं संगीत नाही, काही नाही. जो दिवा दिसतो, त्याचाच आवाज."

"आणि वर पाटी लावशील, बघा आमच्या दादाने कसा माल काढला."

"असं मी कधी..."

"तू काय काय बोलू शकतेस ते मी वाचलंय."

आत्याच्या हातातला घास हातातच राहिला. नऊ वर्षं ज्या वाक्यावरून या घरात एक खुर्ची रिकामी राहिली, ते आता पानात येऊन पडणार, हे तिला कळलं.

वहिनी मात्र उठली. इस्त्रीच्या कपड्यांच्या कपाटातून तिने शर्टाचा एक चपटा खोका आणला आणि ताटांच्या मधोमध ठेवून झाकण काढलं.

"वाचलंय म्हणता ना? मग सगळंच वाचा."

आत कात्रणं होती. वर्षांवर वर्षं जपलेली, कडा सारख्या कापलेली. धाकटीने हात पुढे केला आणि तसाच थांबवला.

"वहिनी, तू हे..."

"मला तुझ्या कामातलं ओ की ठो कळत नाही," वहिनी म्हणाली. "पण फोटो चांगले येतात."

आत्याने वरची दोन-चार उचलली. सगळ्यात खालचं तर पेपरातलं नव्हतंच, हाताने लिहिलेलं आमंत्रण होतं. धाकटीचं पहिलं काम. भाड्याच्या खोलीतल्या न्हाणीघरात, अंधारात, बादलीत थेंब पडायचा आणि प्रत्येक थेंबाला भिंतभर उजेडाचं वर्तुळ उमटायचं. सातजण आले होते. त्यातले तिघे चुकून, न्हाणीघर वापरायला. मग अकरा वर्षं पोटासाठी दुकानांच्या काचांमागे दिवे लावण्याची कामं. आणि मग तो रिकामा पोहण्याचा तलाव, ज्याने तिचं नाव झालं: लोक कोरड्या तळाशी आडवे पडायचे, वरून उजेड पाण्यासारखा हलायचा आणि कानांत पोरांचा पाण्याखालून येतो तसा कल्ला. फोटोत एक सुटाबुटातला म्हातारा तळाशी पडून हसत होता. मग रुग्णालयाचा जिना, पायरीगणिक एक स्वर. पाय मोडलेली माणसं पुन्हा चालायला शिकताना तो पुढचा स्वर ऐकायला म्हणून एक पायरी जास्त चढत होती.

"आणि हे?" वकिलाने एक कात्रण काढलं. वेडंवाकडं कापलेलं. 'दिव्यांचं दुकान कोसळलं.' वाऱ्यात तिचा दिव्यांचा मनोरा पडला होता तेव्हाचं. धाकटीचं आजवरचं सगळ्यात मोठं अपयश.

"ते मी नाही कापलं," वहिनी म्हणाली. "ते यांच्या टेबलाच्या खणात सापडलं. मी इथे ठेवलं, म्हटलं, खोका एकच असू दे."

थोरल्याचा चेहरा लाल झाला. "कापलं असेल कधीतरी."

"पडल्याचं तेवढं कापलंस," धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यापेक्षा वाईट काहीतरी होतं. "तलावाचं नाही, जिन्याचं नाही. मोठ्या संग्रहालयाने मुख्य दालन दिलंय मला, तीन महिने. या शहरातल्या जिवंत माणसाला एकट्याला ते आजवर कधी मिळालेलं नाही. तिथे आपल्या कारखान्याचे दिवे लावावेत म्हणून तुझ्या दारात आलेय मी. आणि तू..."

"फाटकावर काय होतं ठाऊक आहे तुला?" थोरला एकाएकी म्हणाला. खालच्या आवाजात. तो चिडला की आवाज चढायचा, फार लागलं असलं की उतरायचा. "शेवटचा दिवस. चौसष्ट माणसांना मी घरी पाठवत होतो, एकेकाचा हात हातात घेऊन. आणि फाटकावर कुणीतरी तुझी मुलाखत चिकटवलेली. हसरा फोटो. माझ्याकडे चष्मा नव्हता, म्हणून मिस्त्रीने मला मोठ्याने वाचून दाखवलं, सगळ्यांसमोर. 'आमच्या घरात दिवे बनवतात, विकतात; उजेड बघायला कुणाला सवड नाही.' बाबा गेल्यापासून अकरा वर्षं मी एकट्याने तो गाडा ओढला. सवड नव्हती मला. खरंच नव्हती. पण ते तू सांगायचं?"

धाकटीने मान खाली घातली. तिने बोलायला तोंड उघडलं आणि आत्याकडे एकदाच, चटकन पाहून, मिटलं.

त्या एका नजरेने आत्याचा धीर सुटला. की आला, ते तिलाही सांगता आलं नसतं. या घराच्या खालच्या मजल्यावर तिची खोली होती. सकाळचा चहा थोरला स्वतः आणून द्यायचा, गोळ्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या तोच भरायचा. शहात्तराव्या वर्षी माणसाला एवढंच लागतं, आणि एवढंच जायची भीती असते.

"ते वाक्य तिचं नाही," आत्या म्हणाली. "माझं आहे."

कुणाला कळलंच नाही. वकील तर अजून कात्रण वाचत होता.

"चाचणीच्या खोलीत म्हणाले होते मी. हिला, ही चौथीत असताना." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "एकतीस वर्षं त्या खोलीत काढली मी. रांगेने बल्ब जळत ठेवायचे, कुठला किती तास टिकला ते लिहायचं. शाळेतून आली की ही माझ्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची. तुमचे बाबा दिवसातून दोनदा यायचे. आले की विझलेले मोजायचे आणि जायचे. समोर दोनशे दिवे जळताहेत, खोली सोन्यासारखी झालीय, आणि हा माणूस विझलेले मोजतो! एक दिवस माझं डोकं फिरलं. तो गेल्यावर म्हणाले हिला, अगं, आपल्या घरात दिवे बनवतात, विकतात, उजेड बघायला कुणाला सवड नाही. लक्षात ठेवलं पोरीने. आणि ते तुझ्याबद्दल नव्हतंच रे. तू तेव्हा कॉलेजात होतास."

थोरल्याने बहिणीकडे पाहिलं.

"तू का नाही सांगितलंस?"

"आत्याला या घरात राहायचं होतं, दादा," धाकटी म्हणाली. "मला नव्हतं."

थोरला उठला. खुर्ची मागे सरकवली, हातही न धुता मागच्या दाराने बाहेर पडला. गॅरेजचं पत्र्याचं दार वर गेल्याचा खडखडाट आला.

"मी माझं मत राखून ठेवतो," वकील म्हणाला.

"तू जेव," वहिनी म्हणाली.

आत्या दहा मिनिटं बसून राहिली. मग काठी घेतली आणि गॅरेजाकडे निघाली. धाकटी उठायला लागली, तिला हातानेच बस म्हणाली.

ताडपत्री बाजूला पडली होती. थोरला एका खोक्यावर बसला होता, दुसरं उघडून पुढ्यात घेतलेलं. एक बल्ब कानाशी धरून हलवत होता. तार तुटलेली असली की आत बारीक खुळखुळ होते. कारखान्यात पहिल्या दिवशी प्रत्येकाला हेच शिकवायचे, आणि त्याला ते आत्यानेच शिकवलं होतं.

"नऊ वर्षं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"नऊ वर्षं."

"रोज माझ्याबरोबर चहा प्यायलीस."

"प्यायले."

"तिच्या वाढदिवसाला मी फोन हातात घेऊन बसायचो आणि ठेवून द्यायचो. ते समोरून बघत होतीस."

"बघत होते. भीत होते रे."

"कशाला? मी काय तुला घराबाहेर काढलं असतं?"

"छे. तू काढलं नसतंस. पण गप्प झाला असतास. तू गप्प झालास की घर किती मोठं वाटतं, तुला कल्पना नाही."

थोरल्याने बल्ब खोक्यात ठेवला, दुसरा उचलला. कानाशी धरला. हलवला. ठेवला. तिसरा. आत्या उभीच होती. पाय भरून आले तेव्हा त्याने आपल्या शेजारचं खोकं पुसलं आणि तिच्याकडे न बघताच ते थोपटलं. ती बसली.

"टेकू मी कमी केला होता," तो म्हणाला. "पाचाऐवजी चार. वेळेत माल द्यायचा होता. मिस्त्री नको म्हणत होता. मी म्हटलं, कुणाला कळणार आहे? आणि चोवीसशे बल्ब ओरडून सांगायला लागले."

"ओरडून नाही," दारातून धाकटी म्हणाली. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिच्या हातात वायरीचं वेटोळं आणि विजेचा जोर कमीजास्त करायचं एक छोटं यंत्र होतं. "एकदा ऐकशील?"

तो नाही म्हणाला नाही म्हणजे त्याच्याकडून ते होच होतं. धाकटीने खोक्यातला एक बल्ब होल्डरमध्ये बसवला, वायर जोडली, त्याच्या गळ्याशी नखाएवढा एक माईक चिकटवला, आणि खोक्यावर डबीएवढा स्पीकर ठेवला. मग गॅरेजचं दार अर्धं खाली ओढलं.

आधी तार नुसती तांबूस झाली, निखारा विझता विझता होतो तशी. मग आवाज आला. आत्याने डोळे मिटले. जन्मभर ती दोनशे बल्बांच्या गर्दीत, पंख्याच्या घरघरीत बसली होती, पण तारेचा आवाज तिथे कधी कानावर आला नव्हता. असा एकटा, असा जवळून कधीच नाही. खालचा, जाड, दार लावलेल्या खोलीत कुणी स्वतःशीच गुणगुणावं तसा. धाकटीने चकती फिरवली. उजेड वाढला तसा स्वर उजळला, पातळ झाला, थरथरला.

"बंद कर," थोरला म्हणाला.

तिने बंद केलं.

"पुन्हा लाव," थोरला म्हणाला.

चार वेळा लावायला लावलं त्याने. पाचव्या वेळी स्वतः चकती हातात घेतली.

वहिनी आणि वकील दारात येऊन वाकून बघेपर्यंत त्याने चार खोकी उघडली होती आणि त्याचा नेहमीचा, कारखान्यातला आवाज परत आला होता.

"हे असे नेता येणार नाहीत तुला. नऊ वर्षं पडून आहेत. एकही सैल, एकही फुटका माझ्या नावावर बाहेर जाणार नाही. आधी सगळे तपासायचे. मी आणि आत्या."

"माझी परवानगी दिली समजायची का?" वकिलाने विचारलं. "मी अर्थातच हिच्या बाजूने आहे. पहिल्यापासून होतो."

"तू तिकडे जा आणि टेबल पूस," थोरला म्हणाला.

सहा आठवडे गॅरेजात चाचणी चालली. थोरला बल्ब लावायचा, आत्या डोळे मिटून ऐकायची आणि बोटाने खूण करायची: पास, बाद, पास. धाकटी दर रविवारी यायची आणि दोघे भावंडं तासभर तरी भांडायची. त्याला सगळे बल्ब सरळ रांगेत हवे होते, तिला जंगलासारखे. त्याला प्रत्येकाला क्रमांक हवा होता, तिला नको होता. एकदा तो चिडून म्हणाला, "तुझ्या या कामाला काम म्हणतात का लोक?" आणि ती म्हणाली, "वीस वर्षं हेच विचारत होते. आता म्हणायला लागलेत." त्यावर तो कितीतरी वेळ हसत होता. आत्याने त्याला असं हसताना कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना. शेवटी एकवीसशे सत्तर बल्ब पास झाले. क्रमांक तिने घातले नाहीत, पण रविवारी आली की त्याने लावलेल्या रांगा मोडायचीही नाही.

उद्घाटनाला आठ दिवस राहिले असताना ती एक कागद घेऊन आली. दालनाच्या दाराशी भिंतीवर काय लिहायचं त्याचा मसुदा. तिचं नाव, मग कारखान्यातल्या चौसष्ट जणांची नावं, 'चाचणी' म्हणून आत्याचं पूर्ण नाव. थोरल्याने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"माझं कुठे आहे?"

"तू म्हणाला होतास, पाटी लावू नकोस म्हणून."

त्याने पेन मागितलं. कागदाच्या तळाशी सावकाश, शाळेतल्या अक्षरात लिहिलं: तारेचे टेकू पाचाऐवजी चार ठेवण्याचा निर्णय. आणि त्यापुढे स्वतःचं नाव.

"असंच छाप," तो म्हणाला. "काना-मात्रा बदलू नकोस."

उद्घाटनाच्या संध्याकाळी दालनाबाहेर एवढी गर्दी होती की आत्याला दोघांच्या मधून चालावं लागलं. एका बाजूला वकील. तो भेटेल त्याला 'आमची धाकटी' म्हणत होता. दुसऱ्या बाजूला वहिनी. तिने शर्टाचा खोका पिशवीत घालून आणला होता, कशासाठी ते तिलाच ठाऊक. थोरला पुढे, एकटा, हात पाठीमागे बांधून.

भिंतीपाशी कारखान्यातली माणसं उभी होती. चाळीसएक तरी आली होती. म्हातारी झालेली, नातवंडांचे हात धरलेली. प्रत्येकजण बोट लावून आपलं नाव शोधत होता आणि सापडलं की नातवंडाला उचलून दाखवत होता. मिस्त्री सगळ्यात खाली, शेवटच्या ओळीशी वाकला होता. त्याने ती वाचली. सरळ झाला. थोरल्याकडे पाहिलं.

मग दारं उघडली.

आत काळोख होता. दालन एखाद्या रस्त्याएवढं लांब, आणि छतापासून एकेका वायरीवर बल्बच बल्ब. काही गुडघ्याशी, काही डोक्याच्या कितीतरी वर. त्यांच्यामधून चालायला वाटा. लोक आत शिरले आणि आपोआप हळू बोलायला लागले, मग बोलायचे थांबले.

दूर टोकाला एक तार तांबूस झाली. तिचा आवाज आला. मग दुसरी, तिच्याहून किंचित वर. मग पाच, मग एक अख्खी रांग. उजेड दालनातून वाऱ्यासारखा यायला लागला आणि त्याच्याबरोबर स्वर. एकेक रांग वेगळ्या तेजावर, म्हणून एकेकीचा सूर वेगळा. खर्जातले अंगावरून चालत गेल्यासारखे वाटत होते, वरचे कानांच्या मागे कुठेतरी झिरपत होते. लोकांचे चेहरे उजळायचे आणि पुन्हा काळोखात जायचे. कुणीतरी हुंदका दिला. एक लहान मूल खळखळून हसलं, आणि ते हसूही त्यात मिसळून गेलं. आत्याला वाटलं, आपण बल्बांमध्ये नाही, एका मोठ्या छातीच्या आत उभ्या आहोत.

आवाज भरत गेला. इतका की आता सहन होणार नाही असं वाटलं. आणि मग सगळे दिवे एकदम पूर्ण तेजाने पेटले.

आणि सगळं शांत झालं. पूर्ण वीज मिळाली की तार गप्प होते, हे आत्याला माहीत होतं. तरीही ती दचकली. एकवीसशे सत्तर दिवे भरदुपारसारखे जळत होते आणि टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. हजारभर माणसं एकमेकांना स्वच्छ दिसत होती. कुणाला डोळे पुसायला अंधार उरला नव्हता.

टाळ्या सुरू व्हायला वेळ लागला. पहिली टाळी कुणी वाजवली ते कळलं नाही, पण मग छत कोसळेलसं वाटलं. संग्रहालयाची संचालिका, करारी बाई, भाषणाचा कागद हातात घेऊन पुढे आली, तीन वेळा बोलायचा प्रयत्न केला आणि कागद घडी घालून पर्समध्ये टाकून स्वतःच टाळ्या वाजवू लागली. धाकटी मधोमध उभी होती. खांदे सरळ, मान वर, चेहरा ओला, आणि हसत होती.

मिस्त्री वाट काढत थोरल्यापाशी आला. दोघे समोरासमोर उभे राहिले. मिस्त्रीने डोक्यावरचा दिवा बोटाने हलकेच हलवला, कान दिला.

"साहेब," तो म्हणाला, "माल पास झाला."

थोरल्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

तीन महिन्यांचे पाच झाले. मग सात. परदेशातून मागणी आली, पुढच्या वर्षी दिवे जहाजाने जाणार होते, आणि ते कसे बांधायचे यावरून भावंडांचं नवं भांडण जुंपलं होतं. धाकटी आता दिवसाआड घरी जेवायला असायची. जी खुर्ची नऊ वर्षं रिकामी होती तिच्यावर बसून वकिलाला कामाला लावायची.

एका मंगळवारी सकाळी आत्याला वाटलं, आपण एकदा नुसतं बघायला जावं. घरचं माणूस म्हणून नाही, कुणी खुर्ची आणून देणार, कुणी हात धरणार, तसं नाही. वहिनी बाजारात गेली होती. थोरला त्याच्या रोजच्या फेरफटक्याला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून अलीकडे तो सकाळी निघायचा तो दुपारीच उगवायचा. आत्याने काठी घेतली, टॅक्सी केली आणि संग्रहालयाशी उतरली.

रांग कोपऱ्यावरून वळून पार मागच्या गल्लीत गेली होती. आत्या शेवटी जाऊन उभी राहिली. पुढे एक चुणचुणीत बाई होती, खांद्याला भाजीची पिशवी. तिने मागे वळून आत्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"पहिल्यांदाच येताय ना? कळतं. एक सांगते, आत गेल्यावर मधे उभ्या राहू नका. डाव्या भिंतीशी जा, तिथे खालचा आवाज चांगला येतो. मी चौथ्यांदा आलेय."

"डाव्या भिंतीशी," आत्या म्हणाली. "बरं."

"आणि घाई करू नका. लोक पूर्ण दिवे लागले की निघून जातात. खरं ऐकायचं ते पहिल्या दहा-बारा दिव्यांचं. एकेकटे असतात ना तेव्हा." बाई जवळ सरकली. "मला काय कळणार होतं हो यातलं? पण इथे एक गृहस्थ रोज येतात. अगदी रोज. रखवालदार त्यांना सलाम करतो. लोकांना फिरवून दाखवतात, तार कशी असते, टेकू म्हणजे काय, सगळं समजावून सांगतात. परवा शाळेची पोरं आली होती, त्यांना दोन तास धरून बसवलं होतं. मला म्हणतात, हे माझ्या बहिणीचं काम आहे."

आत्याने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"असं म्हणतात?"

"रोज म्हणतात. दिसेल त्याला. आधी मला वाटलं, असेल एखादा रिकामटेकडा. पण सांगतात इतकं छान, की म्हटलं, असेनात का भाऊ." बाईने मान उंच करून रांगेच्या तोंडाकडे पाहिलं. "ते बघा. ते दारात उभे आहेत ना, हात पाठीमागे बांधून? तेच. त्यांच्या हाती लागलात तर सोडायचे नाहीत तुम्हाला."

आत्याने पाहिलं. दारात थोरला उभा होता. एका तरण्या जोडप्याला काहीतरी सांगत होता, हवेत बोटांनी वेटोळं काढून. जोडपं हसत होतं. तोही हसत होता.

आत्या एक पाऊल मागे सरली, बाईच्या रुंद पाठीआड, त्याला दिसणार नाही अशी.

"मग आज त्यांच्याच हाती लागते," ती म्हणाली, आणि रांगेबरोबर पुढे सरकली.